डेटोनाचं चौथं वळण

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅनापोलिस नावाचं गाव आहे. आधी गिरणी आली आणि मग तिच्याभोवती गाव वसलं. जेम्स विल्यम कॅनन या गिरणीमालकानं १९०६ मध्ये तिथे जमीन घेतली, १९०८ मध्ये गिरणी सुरू झाली आणि टॉवेल-चादरींच्या धंद्यात कॅनन हे नाव मोठं झालं. कामगारांची घरंसुद्धा गिरणीच्याच मालकीची. या गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती थेट १९८४ मध्ये. ज्यांचं बालपण परळ-लालबागच्या चाळीत गेलं, ज्यांच्या घरात पाळी, पगाराचा दिवस आणि कापसाची कणी हे शब्द रोज कानावर पडत, त्यांना अशा गावाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

या गावात २९ एप्रिल १९५१ रोजी डेल अर्नहार्टचा जन्म झाला. त्याचे वडील राल्फ हेही गिरणीत खपलेले. पण त्यांचा जीव मोटारींत अडकलेला होता. घरामागच्या गराजमध्ये ते स्वतःच्या हातानं इंजिन बांधायचे आणि मातीच्या छोट्या ट्रॅकवर शर्यती मारायचे. पुढे त्यांनी गिरणी सोडून शर्यतीवरच संसार चालवला. १९५६ मध्ये ते नॅसकार या मोटारशर्यतींच्या संस्थेच्या स्पोर्ट्समन गटाचे विजेते ठरले. ज्या वस्तीत हे कुटुंब राहत होतं, तिथल्या रस्त्यांना मोटारींची नावं होती. सेडन आणि कोच या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांचं घर होतं.

गिरणगावातल्या मुलापुढे असतात तेच दोन रस्ते डेलपुढे होते. एक गिरणीच्या फाटकाकडे जाणारा, दुसरा त्यातून सुटण्याचा. नववीत त्यानं शाळा सोडली. वडिलांना हे मुळीच आवडलं नाही. मुलानं शिकावं असं त्यांना वाटत होतं. डेलनं वेल्डिंग केलं, टायर बसवले, पडेल ते काम केलं आणि मिळालेला पैसा गाडीत घातला. कमी पडला तर कर्ज काढलं. १९७३ मध्ये राल्फ अर्नहार्ट गराजमध्ये गाडीवर काम करत असतानाच हृदयविकारानं गेले. ते ४५ वर्षांचे होते, डेल २२ वर्षांचा. ज्या माणसाला आपण जिंकलेलं दाखवायचं, तोच निघून गेला, ही सल डेलनं पुढे अनेकदा बोलून दाखवली.

दारूच्या गाड्यांपासून डेटोनापर्यंत

बाजारात मिळणारी साधी गाडी शर्यतीत उतरवायची, या कल्पनेतून स्टॉक कार रेसिंग, म्हणजे अर्नहार्ट बापलेकांचा खेळ, निघालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरून गाळलेली दारू शहरात पोचवणारे ड्रायव्हर रात्रीच्या अंधारात पोलिसांना चुकवत धावत. त्यासाठी ते साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं तगडी करून घेत. रविवारी हीच मंडळी शेतात आखलेल्या वर्तुळावर एकमेकांशी शर्यत लावू लागली. ज्युनिअर जॉन्सनसारखे पुढचे नामवंत ड्रायव्हर याच धंद्यातून आले.

या विस्कळीत खेळाला नियम, वेळापत्रक आणि बक्षिसाची हमी दिली ती बिल फ्रान्स या माणसानं. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवरच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात त्यानं बैठक भरवली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था स्थापन झाली. आधी डेटोनाच्या शर्यती चक्क समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर होत. १९५९ मध्ये तिथे अडीच मैलांचा डांबरी ट्रॅक उभा राहिला. आपल्या मरीन ड्राइव्हपेक्षा जरा लांब, पण गोल फिरून परत येणारा. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी तिरका आहे, इतका की त्यावर नुसतं उभं राहणंही अवघड. या उतारामुळे वळणावर वेग कमी करावा लागत नाही. दोनशे फेऱ्यांची, पाचशे मैलांची डेटोना ५०० ही इथली मोठी शर्यत. नॅसकारच्या मोसमाची सुरुवात तिनं होते आणि ड्रायव्हरची खरी ओळखही तीच ठरवते.

काळ पुढे गेला तशी ‘साधी गाडी’ नावालाच उरली. बाहेरून शेवरले किंवा फोर्डची दिसणारी गाडी आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा झाली. वेग इतका वाढला की १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा या दोन ट्रॅकवर इंजिनाला मिळणारी हवा कमी करणारी प्लेट बसवणं सक्तीचं झालं. त्याचा एक परिणाम मात्र कोणाला फारसा अपेक्षित नव्हता. सगळ्या गाड्यांची ताकद सारखी झाली, कोणी कोणाला मागे टाकेना, आणि तीस-चाळीस गाड्या तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास एकमेकींना चिकटून धावू लागल्या. एकाची चूक झाली की दहा जण भिंतीवर जात. पुढे जे घडलं ते समजायला हे लक्षात ठेवायला हवं.

मोडून पुन्हा उभा राहणारा

डेल अर्नहार्टनं नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतली पहिली शर्यत १९७५ मध्ये शार्लटला मारली आणि तो बावीसावा आला. पुढची चार वर्षं मिळेल त्या मालकाची मिळेल ती गाडी चालवण्यात गेली. १९७९ मध्ये रॉड ऑस्टरलंड या मालकानं त्याला पूर्ण मोसमासाठी घेतलं. १ एप्रिल १९७९ रोजी ब्रिस्टलला त्यानं पहिला विजय मिळवला. जुलैत पोकोनोच्या ट्रॅकवर अपघात होऊन खांद्याची हाडं मोडली, चार शर्यती हुकल्या, तरी वर्षअखेर तो सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, त्यानं मालिकेचं अजिंक्यपद जिंकलं. नवोदिताचा मान आणि लगेच दुसऱ्या वर्षी अजिंक्यपद, असं त्याआधी कोणी केलं नव्हतं.

त्यानंतर मालक बदलले, पडझड झाली. १९८२ मध्ये पोकोनोलाच पुन्हा अपघात होऊन गुडघ्याची वाटी फुटली. १९८४ पासून तो रिचर्ड चिल्ड्रेसच्या संघात स्थिरावला. तीन क्रमांकाची गाडी, १९८८ पासून काळा रंग, आणि समोरच्याला बाजूला सारून पुढे घुसण्याची धडक पद्धत, यातून त्याचं रूप पक्कं झालं. लोक त्याला ‘इंटिमिडेटर’ म्हणू लागले, म्हणजे धाक घालणारा. १९८६, १९८७, १९९०, १९९१, १९९३ आणि १९९४ अशी आणखी सहा अजिंक्यपदं मिळून एकूण सात झाली आणि रिचर्ड पेटीच्या विक्रमाशी त्यानं बरोबरी केली. एकूण विजय ७६.

गिरणीगावांतल्या, गराजांतल्या, ट्रकवरच्या माणसांना तो आपला वाटायचा. यशामागे त्याचा घाम त्यांना दिसायचा. आणि त्याहून जास्त दिसायचं ते त्याचं न डगमगणं. जुलै १९९६ मध्ये टॅलाडेगाला त्याची गाडी भिंतीवर आदळून उलटली आणि मागून येणाऱ्या गाड्या तिच्यावर धडकल्या. खांद्याचं आणि छातीचं हाड मोडलं. पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिसला त्यानं शर्यत सुरू केली आणि मग नाइलाजानं गाडी दुसऱ्याच्या हाती दिली. त्याच्या पुढच्या आठवड्यात वॉटकिन्स ग्लेनला, जिथे सारखा गिअर बदलावा लागतो, त्यानं सर्वांत वेगवान फेरी मारून सुरुवातीची पहिली जागा पटकावली आणि शर्यतीत सहावा आला.

डेटोना ५०० मात्र त्याला हुलकावणी देत राहिली. त्याच ट्रॅकवरच्या इतर शर्यती तो सहज जिंकायचा. हीच एक हाती लागेना. १९९० मध्ये शेवटच्या फेरीत, शेवटून दुसऱ्या वळणावर, आघाडीवर असताना त्याचा टायर फाटला आणि डेरिक कोप जिंकला. १९९७ मध्ये शर्यत संपत आली असताना त्याची गाडी उलटीपालटी होऊन थांबली. तो रुग्णवाहिकेत बसला, तिथून गाडीकडे पाहिलं, चारही चाकं जागेवर दिसली. तो उतरला, गाडी सुरू होतेय का ते पाहायला लावलं आणि चेपलेली गाडी चालवत शर्यत पूर्ण केली. अखेर १५ फेब्रुवारी १९९८ रोजी, विसाव्या प्रयत्नात, तो ही शर्यत जिंकला. तेव्हा सगळ्या प्रतिस्पर्धी संघांची माणसं पिटमध्ये रांगेनं उभी राहिली आणि त्याची गाडी हळूहळू पुढे सरकत असताना एकेकानं त्याच्याशी हात मिळवला. ज्याच्या धडका खाल्ल्या त्यालाच सलाम करायला सगळे आले होते.

ऑक्टोबर २००० मध्ये टॅलाडेगाला शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या असताना तो अठरावा होता. तिथून तो पहिला आला. हा त्याचा ७६ वा आणि शेवटचा विजय. त्या मोसमात तो गुणतक्त्यात दुसरा होता. वय ४९.

अशा कारकिर्दीनं एक समजूत घट्ट केली. शूर माणूस मोडतो आणि पुन्हा गाडीत बसतो. त्याला जास्तीचं संरक्षण लागत नाही. बाकीचे ड्रायव्हर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालू लागले तरी अर्नहार्ट चेहरा उघडा ठेवणारं जुन्या पद्धतीचंच वापरत राहिला. त्याच्यासारखा माणूस जे करत नाही, ते इतरांनी का करावं, असा प्रश्न मग तरुण ड्रायव्हरांनाही पडत नसे.

एका वर्षात तीन मृत्यू

२००० या वर्षी नॅसकारनं तीन ड्रायव्हर गमावले. मे महिन्यात न्यू हॅम्पशायरला रिचर्ड पेटीचा नातू ॲडम पेटी सरावात भिंतीवर आदळला. तो १९ वर्षांचा होता. जुलैत त्याच ट्रॅकवर, त्याच वळणाच्या जवळ, केनी अर्विन गेला. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर.

ॲडम पेटी आणि अर्विन यांच्या मृत्यूचं कारण एकच होतं, कवटीच्या तळाचं हाड फुटणं. गाडी भिंतीवर आदळून थांबते तेव्हा पट्ट्यांनी जखडलेलं धडही थांबतं. डोक्याला मात्र कशाचाच आधार नसतो. हेल्मेटच्या वजनासकट ते पुढे झेपावतं, मान ताणली जाते आणि कवटीचा तळ मानेपासून उखडल्यासारखा होतो. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथूनच जातात. अंगावर बाहेरून फारशी जखम दिसत नाही.

यावर उपाय नव्हता असं नाही. १९८१ मध्ये पॅट्रिक जॅकमार या ड्रायव्हरचा असाच मृत्यू झाला, तेव्हा त्याचा मित्र जिम डाउनिंग अस्वस्थ झाला. डाउनिंग स्वतः शर्यती मारायचा. त्याचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीराच्या यांत्रिकीचा प्राध्यापक होता. दोघांनी मिळून १९८० च्या दशकाच्या मध्यात एक साधन तयार केलं. खांद्यांवर बसणारी, मानेमागे उभी राहणारी कडक पट्टी. खांद्याचे पट्टे तिच्यावरून जातात आणि ती हेल्मेटला दोन बंदांनी बांधलेली असते. धड थांबलं की डोकंही त्याच्याबरोबर थांबतं. याला हान्स म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते विकत मिळत होतं.

पण घेत कोण होतं? ते अवजड वाटायचं, मान वळवता येत नाही अशी तक्रार असायची, गाडी पेटली तर लवकर बाहेर पडता येणार नाही अशी भीती असायची. या तक्रारी अगदीच खोट्या नव्हत्या. सुरुवातीचे नमुने खरंच मोठे होते. अर्नहार्ट त्याला गळ्यातला फास म्हणायचा. नॅसकारचं धोरण होतं की साधन वापरायचं की नाही ते ड्रायव्हरनं ठरवावं. एका वर्षात तीन मृत्यू होऊनही ते बदललं नाही. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये ४३ ड्रायव्हर उतरले, त्यांतल्या मोजक्याच जणांनी हान्स घातलं होतं.

१८ फेब्रुवारी २००१

त्या रविवारी फॉक्स वाहिनी नॅसकारची गुणांसाठीची शर्यत पहिल्यांदाच दाखवत होती. प्रक्षेपणाच्या नव्या मोठ्या करारानंतरच्या मोसमाची ही सुरुवात. सामना रंगावा म्हणून गाड्यांच्या टपावर पट्टी लावण्याचा नवा नियम आला होता. त्यामुळे हवेचा अडथळा वाढला आणि मागच्या गाडीला पुढे जाणं सोपं झालं. शर्यत खरोखरच रंगली. आघाडी ४९ वेळा बदलली. १७३ व्या फेरीत जवळजवळ दीड डझन गाड्या एकमेकींवर आदळल्या, टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडून इतरांवरून गेली. शर्यत थांबवावी लागली. स्टुअर्टला जिवावरची इजा झाली नाही.

शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर पुढे तीन गाड्या दिसू लागल्या. पहिला मायकेल वॉलट्रिप, दुसरा डेल ज्युनिअर, तिसरा डेल अर्नहार्ट. पहिल्या दोन गाड्या अर्नहार्टच्याच मालकीच्या संघाच्या होत्या. तो स्वतः चिल्ड्रेसची गाडी चालवत होता. वॉलट्रिपनं तोवर ४६२ शर्यती मारल्या होत्या आणि एकही जिंकली नव्हती. तरी अर्नहार्टनं त्याला आपल्या संघात घेतलं होतं. ज्युनिअर हा त्याचा मुलगा. शेवटच्या फेऱ्यांत अर्नहार्ट मागून येणाऱ्यांना वाट देत नव्हता. एरवी कोणालाही बाजूला सारून पुढे जाणारा माणूस त्या दिवशी पुढच्या दोघांना सांभाळत होता, असं ती चित्रफीत पाहणाऱ्या बहुतेकांचं मत आहे.

शेवटची फेरी, शेवटचं म्हणजे चौथं वळण. मागून स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा अर्नहार्टच्या गाडीला हलका स्पर्श झाला. तीन क्रमांकाची गाडी आधी डावीकडे, आतल्या सपाट पट्टीकडे घसरली आणि मग अचानक उजवीकडे वळून चढावर गेली. तिथे केन श्रेडरची गाडी येत होती. दोन्ही एकमेकींत अडकल्या आणि अर्नहार्टची गाडी उजव्या कोपऱ्यानं काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. नॅसकारच्या नंतरच्या अहवालानुसार आदळतानाचा वेग ताशी १६० मैलांच्या, म्हणजे सुमारे २५७ किलोमीटरच्या घरात होता, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात गाडीच्या वेगात ४२ ते ४४ मैलांचा फरक पडला. पडद्यावर ही धडक फार भीषण दिसली नाही. गाडी उलटली नाही, पेटली नाही. दोन्ही गाड्या घसरत आतल्या गवतावर येऊन थांबल्या.

त्याच क्षणी वॉलट्रिपनं रेषा ओलांडली. ४६३ व्या शर्यतीत पहिला विजय. समालोचन करणारा डॅरेल वॉलट्रिप हा त्याचा थोरला भाऊ, स्वतः तीन वेळचा विजेता. धाकट्याला ओरडून सूचना देता देता त्याचा आवाज भरून आला. आणि लगेच तो विचारू लागला की डेल ठीक आहे ना. तिकडे श्रेडर आपल्या गाडीतून उतरून अर्नहार्टच्या खिडकीशी गेला, आत वाकून पाहिलं आणि हात हलवून मदत पथकाला बोलावू लागला. त्या वेळी आत काय दिसलं, हे बोलायला त्यानं पुढे कित्येक वर्षं घेतली.

अर्नहार्टला जवळच्या हॅलिफॅक्स रुग्णालयात नेलं. संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी त्याला मृत घोषित करण्यात आलं. दोनेक तासांनी नॅसकारचे अध्यक्ष माइक हेल्टन यांनी पत्रकारांसमोर येऊन ही बातमी सांगितली. मृत्यूचं कारण, कवटीच्या तळाचं हाड फुटणं.

दोष कुणाचा?

माणूस गेला की आधी दोषी शोधला जातो. पहिला राग मार्लिनवर निघाला. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. डेल ज्युनिअर आणि वॉलट्रिप यांनी उघडपणे सांगितलं की मार्लिनचा यात काही दोष नाही, तेव्हा तो राग ओसरू लागला. पाच दिवसांनी नॅसकारनं जाहीर केलं की गाडीत डावीकडचा कमरेचा पट्टा तुटलेला सापडला. मग पट्टे बनवणारा बिल सिम्प्सन लोकांच्या रोषाचा धनी झाला. पट्टा सूचनेप्रमाणे बसवलेला नव्हता, असं त्याच्या कंपनीचं म्हणणं होतं. त्यालाही धमक्या आल्या आणि काही महिन्यांत त्यानं स्वतःच्याच कंपनीतून अंग काढून घेतलं.

शवविच्छेदनाच्या छायाचित्रांवरून वेगळा वाद पेटला. ओरलँडो सेंटिनेल या वृत्तपत्राला ती तज्ज्ञाकडून तपासून हवी होती. पत्नी टेरेसा अर्नहार्ट यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि मार्च २००१ मध्ये फ्लोरिडानं अशी छायाचित्रं कुटुंबाच्या संमतीशिवाय उघड न करण्याचा कायदा केला. तडजोड म्हणून ड्यूक विद्यापीठाचे डॉ. बॅरी मायर्स यांनी ती एकदा पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा की पट्टा तुटला नसता तरी डोकं झेपावून हीच इजा होऊ शकली असती. २१ ऑगस्टला नॅसकारनं तीनशेहून अधिक पानांचा अहवाल मांडला. त्यानं श्रेडरच्या गाडीशी झालेली टक्कर, भिंतीवर आदळण्याचा कोन आणि पट्ट्याचं सुटणं, अशी कारणांची साखळी दाखवली. डोक्याला नेमका मार कशाचा बसला, यावर तज्ज्ञांचं पूर्ण एकमत झालं नाही. पण धडाबरोबर डोकंही बांधलेलं असायला हवं होतं, याबद्दल फारशी शंका उरली नाही.

इतकं होऊनही अहवालाच्या दिवशी हान्सची सक्ती झाली नाही. तोवर बहुतेक ड्रायव्हर ते आपणहून घालू लागले होते, आणि नॅसकारला तेवढं पुरेसं वाटलं. ४ ऑक्टोबरला शार्लटला आर्का या दुसऱ्या मालिकेच्या शर्यतीत २५ वर्षांचा ब्लेझ अलेक्झांडर भिंतीवर आदळून गेला. इजा तीच. ज्याच्या गाडीशी त्याची टक्कर झाली तो होता केरी अर्नहार्ट, डेलचा थोरला मुलगा. त्यानंतर तेरा दिवसांनी, १७ ऑक्टोबर २००१ रोजी, नॅसकारनं डोकं आणि मान सांभाळणारं साधन सक्तीचं केलं. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी, आणि साधन तयार होऊन पंधराहून अधिक वर्षं उलटल्यावर.

काय बदललं

मग बदल झपाट्यानं झाले. नेब्रास्का विद्यापीठाचे डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी भिंतीवर काम करतच होते. काँक्रीटच्या पुढे पोलादी चौकोनी नळ्यांची दुसरी भिंत आणि दोहोंच्या मध्ये फोमचे ठोकळे. उंचावरून आलेला चेंडू झेलताना आपण हात थोडे मागे घेतो, तेच काम ही भिंत करते. धक्क्याला जास्त वेळ देते आणि त्याचा जोर कमी करते. २००२ च्या मे महिन्यात ती प्रथम इंडियानापोलिसला बसली आणि पुढच्या काही वर्षांत नॅसकारच्या ट्रॅकवर पोचली. गाड्यांत धक्क्याची नोंद घेणारी यंत्रं आली. २००३ मध्ये नॅसकारनं स्वतःचं संशोधन केंद्र उघडलं. २००७ पासून आलेल्या नव्या गाडीत ड्रायव्हरची जागा मध्याकडे सरकवली गेली आणि दारात धक्का शोषणारा फोम भरला गेला. फॉर्म्युला वननंही २००३ पासून हान्स सक्तीचं केलं.

परिणाम आकड्यात सांगता येतो. १८ फेब्रुवारी २००१ नंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत एकही ड्रायव्हर ट्रॅकवर मेलेला नाही. २००८ मध्ये टेक्सासला मायकेल मॅकडॉवेलची गाडी तुफान वेगानं भिंतीवर आदळून गडगडत गेली. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. २०२० च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या रेषेजवळ रायन न्यूमनची गाडी उलटी होऊन दुसऱ्या गाडीखाली सापडली. सगळ्यांनी आशा सोडली होती. दोन दिवसांनी तो दोन मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत निघाला. २०१० मध्ये कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला, तिथे शर्यत मारणारा पहिला भारतीय. हान्स घालू की नको, असा प्रश्नच तोवर उरला नव्हता. छोट्या स्थानिक ट्रॅकवर मात्र नियम ढिले राहिले आणि तिथे माणसं पुढेही गेली.

अर्नहार्टनंतरच्या तिसऱ्याच शर्यतीत, अटलांटाला, त्याच्या जागी आलेला केव्हिन हार्विक जिंकला. फरक होता सेकंदाच्या सहा हजारांशाचा. जुलैत त्याच डेटोनावर डेल ज्युनिअर जिंकला. लोकांनी दुःखातून वाट काढली ती अशा विजयांतून. कॅनापोलिसनं आपल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा उभारला. पण गावाचं दुसरं दुःख वाटेतच होतं. ३० जुलै २००३ रोजी कॅनन गिरणीचा वारसा चालवणारी पिलोटेक्स कंपनी बंद पडली आणि एका दिवसात हजारो माणसं कामाला मुकली. गिरणी पाडून तिथे संशोधन संकुल उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहताना पाहिलेल्या मुंबईकराला त्या दिवसाची कल्पना येईल.

सक्तीचा अर्थ

या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मधली पंधरा वर्षं. इजा कशी होते हे माहीत होतं. उपाय बाजारात होता. तरी तो वापरला गेला नाही, कारण तो ऐच्छिक होता. ऐच्छिक असेपर्यंत तो घालणारा माणूस आपण घाबरतो अशी कबुली देत होता, आणि ज्या जगात अर्नहार्टसारखा माणूस आदर्श होता तिथे ती कबुली कोणालाच परवडणारी नव्हती. सक्ती झाली आणि प्रश्नच मिटला. धीट आणि भित्रा दोघांच्याही खांद्यावर तेच साधन आलं. त्यानंतर शर्यती कमी वेगानं झाल्या नाहीत की ड्रायव्हरांचं धाडस घटलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न ट्रॅकवरचा नाही, महामार्गावरचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या सीटवर पट्टा लावायचा नियम तेव्हाही होताच. मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्ट्याची सक्ती केली ती त्यानंतर, १ नोव्हेंबर २०२२ पासून. इथेही नियम आणि त्याची अंमलबजावणी यांच्या मध्ये एका नामवंत माणसाचा मृत्यू उभा आहे.

आजही मुंबईहून पुण्याला किंवा गावाला निघालेल्या गाडीत मागे बसलेल्या कुणी पट्टा लावला की ड्रायव्हरवर विश्वास नाही का, असं सहज विचारलं जातं. अर्नहार्टच्या पिढीतल्या ड्रायव्हरांना गप्प करणारा प्रश्न याच जातीचा होता. माणसामाणसांतल्या भिडेचा हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या समजूतदारपणानं सुटत नाही. तो नियमानं सुटतो, आणि नियम सगळ्यांना, रोज आणि सारखाच लागू केला तरच सुटतो. नॅसकारला हे कळायला दोन वर्षांत पाच ड्रायव्हर जावे लागले. त्यांच्या मृत्यूतून मिळालेली ही माहिती आता सगळ्या जगाची आहे. आपण ती आपल्या रस्त्यांवर वापरली नाही, तर तो दोष गाडीचा, घाटाचा किंवा नशिबाचा म्हणता येणार नाही.